भीमा-सीना संगमावरील ग्राममंदिर : हत्तरसंग कुडलचे वास्तुवाचन



मध्ययुगीन महाराष्ट्राच्या वास्तुकलेचा विषय निघाला की वेरूळचे कैलास लेणे, अंबरनाथचे शिवमंदिर, सिन्नरचा गोंदेश्वर, खिद्रापूरचा कोपेश्वर ही नावे आधी घेतली जातात, आणि ती घेतली जावीत इतकी त्या वास्तूंची थोरवी आहेच. परंतु अकराव्या किंवा बाराव्या शतकात भीमेच्या काठी जमीन कसणारा कुणबी, घाणा चालवणारा तेली, बाजाराच्या वाटेवर बैल हाकणारा व्यापारी या मोठ्या वास्तूंच्या सावलीत राहत नव्हता. त्याचे मंदिर लहान होते, गावापुरते होते, आणि त्याच्या जन्मापासून मरणापर्यंतचे बहुतेक व्यवहार त्या मंदिराच्या अवतीभवती घडत होते. अशा लहान ग्राममंदिराचा इतिहास कोठे लिहिलेला सापडतो? राजांच्या बखरी नंतरच्या, संतांची चरित्रे नंतरची, महसुलाची दप्तरे तर फारच नंतरची. उरतो तो दगड. आजचे व्याख्यान त्या दगडाच्या वाचनासंबंधी आहे, आणि त्यासाठी निवडलेले उदाहरण सोलापूर जिल्ह्यातील, दक्षिण सोलापूर तालुक्यातील हत्तरसंग कुडलचे आहे.

सोलापूर शहरापासून सुमारे चाळीस किलोमीटरवर भीमा आणि सीना या दोन नद्या एकत्र येतात आणि त्या संगमावर संगमेश्वर व हरिहरेश्वर अशी दोन शिवमंदिरे एकमेकांच्या शेजारी आहेत. कृष्णा आणि मलप्रभा यांच्या संगमावरचे, बसवेश्वरांच्या नावाशी जोडलेले कूडलसंगम हे कर्नाटकातील बागलकोट जिल्ह्यातले वेगळे क्षेत्र आहे. नावाच्या सारखेपणामुळे दोन्हींची गल्लत अनेकदा होते, म्हणून ती आरंभीच दूर केलेली बरी. दक्षिणेत नद्यांच्या संगमाला तीर्थाचे महत्त्व होतेच, त्याशिवाय संगम हे उताराचे, बाजाराचे आणि वस्तीचेही ठिकाण असे, आणि म्हणून संगमावरचे मंदिर हे श्रद्धेइतकेच रहदारीचेही अपत्य असते.

संगमेश्वराच्या सभामंडपातील एका तुळईवर, म्हणजे खांबांच्या माथ्यावरून आडव्या जाणाऱ्या लांब शिळेवर, शके ९४०, म्हणजे इ.स. १०१८, असा काळ नोंदवणारा एक छोटा लेख कोरलेला आहे. त्यातील मराठी ओळ आता महाराष्ट्रात सर्वपरिचित झाली आहे : ‘वाछि तो विजेया होईवा’, म्हणजे हे जो वाचील तो विजयी होईल. हा लेख अभ्यासकांसमोर आणण्याचे श्रेय सोलापूरचेच शिलालेख-अभ्यासक कै. आनंद कुंभार यांचे आहे, ज्यांनी या जिल्ह्यातील गावोगावचे कोरीव लेख शोधण्यात आणि वाचण्यात आयुष्य वेचले. कालोल्लेख असलेल्या मराठी शिलालेखांत हा अगदी आरंभीच्या लेखांपैकी एक ठरतो. अलिबागजवळच्या आक्षी येथील लेख शके ९३४ चा, म्हणजे इ.स. १०१२ चा मानला जातो. श्रवणबेळगोळ येथील गोमटेश्वराच्या पायाशी असलेला चावुंडरायाचा मराठी लेख कोणत्या काळातला यावर अभ्यासकांत मतभेद आहेत. आणि यांपैकी पहिला कोणता हा वाद अजून मिटलेला नाही. पहिल्या क्रमांकाचा हा वाद जितक्या हिरिरीने घातला जातो तितक्या आस्थेने त्या लेखाभोवतीच्या मंदिराकडे पाहिले गेले आहे काय? फारसे नाही. लेख प्रसिद्ध झाला, पण ज्या तुळईवर तो आहे ती तुळई ज्या खांबांनी उचलून धरली आहे, त्या खांबांची आणि ते खांब घडवणाऱ्या हातांची चर्चा फारच थोडी झाली.

लेखाने मंदिराविषयी नेमके काय सिद्ध होते, हेही काटेकोरपणे सांगणे आवश्यक आहे. तुळईवर १०१८ चा लेख आहे याचा अर्थ त्या सुमारास ती तुळई घडलेली होती इतकाच. मंदिराचा प्रत्येक दगड त्याच वर्षीचा आहे असे त्यातून निघत नाही. ग्राममंदिर एका झटक्यात बांधून पूर्ण होत नसे. गाभारा आधी, मंडप काही वर्षांनी, शिखर जमेल तेव्हा, असा त्याच्या वाढीचा क्रम असे, आणि पुढे पडझड झाली की जुनेच दगड नव्या जागी बसवले जात. त्यामुळे एका लेखावरून सबंध मंदिराचे वय ठरवण्याची घाई अभ्यासकाने टाळली पाहिजे.

आता १०१८ हे वर्ष डोळ्यांसमोर आणावे. या प्रदेशावर त्या वेळी चालुक्यांचे, पुढे ज्यांची राजधानी कल्याणी येथे स्थिरावली त्या उत्तरकालीन चालुक्यांचे, राज्य होते आणि गादीवर जगदेकमल्ल हे बिरुद धारण करणारा दुसरा जयसिंह होता. दक्षिणेकडून राजेंद्र चोळाचा दबाव वाढत होता, आणि तंजावरचे बृहदीश्वर मंदिर, साठ मीटरांहून उंच विमान असलेले, त्याच्या बापाने इ.स. १०१० मध्ये पुरे केलेले होते. ज्ञानेश्वरी सिद्ध व्हायला अजून दोनशे बहात्तर वर्षे होती. सोलापूर, म्हणजे त्या काळचे सोन्नलिगे, ज्या सिद्धरामेश्वरांच्या नावाने आज ओळखले जाते ते बाराव्या शतकातले, म्हणजे तेही अद्याप व्हायचे होते. आणि दूर युरोपात, बर्गंडीतील राऊल ग्लाबेर या ख्रिस्ती भिक्षूने नोंदवून ठेवल्याप्रमाणे, इ.स. १००० नंतर जागोजाग नवी चर्चे बांधण्याची एक मोठी लाट उसळली होती. हा उल्लेख सहज केलेला नाही. सहस्रकाच्या या वळणावर जगाच्या दोन दूरच्या भागांत शेती स्थिरावत होती, वस्त्या वाढत होत्या, आणि वाढत्या वस्तीला आपले असे दगडी देवालय हवे होते. फ्रान्समधल्या लहान ग्रामचर्चचा आणि भीमाकाठच्या लहान ग्राममंदिराचा काळ एकच आहे. त्यांच्या बांधणीतला फरक मात्र मुळातला आहे, आणि तो फरक समजला की आपले मंदिर समजते.

ग्रामचर्चच्या बांधणीचा प्राण कमान हा आहे. कमानीत दगड एकमेकांवर दाबले जातात आणि वरचा भार खाली जाताना बाजूंनाही ढकलतो. तो आवरण्यासाठी भिंती जाड कराव्या लागतात किंवा बाहेरून टेकू द्यावे लागतात, आणि सांध्यांत चुना भरावा लागतो. आपल्याकडच्या बांधणीचा प्राण खांब आणि तुळई हा आहे. येथे भार सरळ खाली उतरतो. छताच्या शिळेवरून तुळईवर, तुळईवरून खांबाच्या माथ्यावर, माथ्यावरून खांबाच्या खोडात, खोडातून तळखड्यात आणि तळखड्यातून जोत्यात. बाजूला ढकलणारा जोर जवळजवळ नाही, म्हणून चुन्याशिवाय, केवळ दगडावर दगड नेमका बसवून आणि खाच-कुसवांनी अडकवून ही वास्तू शतकानुशतके उभी राहू शकते. परंतु दगड दाबाला जितका बळकट तितकाच वाकवण्याला दुबळा असतो. लांब तुळई स्वतःच्या वजनाने मधोमध तडकते. म्हणून दोन खांबांतले अंतर मर्यादित ठेवावे लागते, आणि मंडप मोठा करायचा तर खांब वाढवण्यावाचून दुसरा उपाय नसतो. मध्ययुगीन मंदिरांत खांबांची दाटी दिसते ती केवळ शोभेसाठी नाही. दगडाच्या स्वभावाने ती भाग पाडली आहे.

छताचीही हीच कथा आहे. चार तुळयांनी एक चौकोन तयार होतो, आणि तो एका शिळेने झाकण्याइतका लहान नसतो. तेव्हा कारागीर चारही कोपऱ्यांत एकेक त्रिकोणी शिळा बसवतो, त्यामुळे आतला मोकळा चौकोन लहान होतो आणि पहिल्याच्या तुलनेत तिरका वळतो. पुन्हा चार कोपरे झाकले की तो आणखी लहान होतो. आणि शेवटी उरलेल्या छिद्रावर कमळ कोरलेली एकच शिळा ठेवली जाते. मंडपात उभे राहून वर पाहणाऱ्याला चौकोनात चौकोन फिरत गेल्याचा जो सुंदर भास होतो, त्यामागे हे गणित आहे.

ग्राममंदिराचा आराखडाही याच साधेपणाने उलगडतो. सर्वांत आत गाभारा, म्हणजे देवतेची चौकोनी, अंधारी खोली; त्याच्यापुढे अंतराळ, म्हणजे गाभारा आणि मंडप यांना जोडणारी अरुंद जागा; त्याच्यापुढे सभामंडप, जेथे गाव बसतो; आणि प्रवेशापाशी, बांधणाऱ्यांची ऐपत असेल तर, मुखमंडप. हे सर्व एका उंच जोत्यावर, कारण नदीकाठी जोते उंच नसेल तर पहिल्याच पुराचे पाणी देवाच्या पायाशी येते. बाहेरचा उजेड एकेका टप्प्याला कमी होत जातो, छत खाली येत जाते, माणूस आपोआप वाकतो आणि आवाज उतरतो. हे मंदिर बांधणाऱ्याने ठरवून केलेले आहे. गाभाऱ्याच्या चौकटीवर मात्र तो सारे कसब ओततो. उभ्या पट्ट्यांच्या द्वारशाखा, म्हणजे वेलबुट्टी, रत्ने आणि लहान खांब यांनी सजवलेल्या चौकटीच्या एकात एक बसलेल्या पट्ट्या, वर मधोमध ललाटबिंब, म्हणजे आतल्या देवतेची ओळख सांगणारी छोटी मूर्ती, आणि खाली उंबरठ्यावर कीर्तिमुख, अशी ही चौकट संपूर्ण मंदिराचा आशय सांगत असते. ज्याला मंदिर वाचायचे आहे त्याने चौकटीपासून सुरुवात करावी.

आणि दगड कोणता? सोलापूर जिल्हा दख्खनच्या काळ्या पाषाणावर, म्हणजे बेसॉल्टवर वसलेला आहे. हा दगड कठीण, ठिसूळ आणि बारीक कोरीव कामाला अवघड. याच चालुक्यांच्या राज्यात दक्षिणेकडे, लक्कुंडीला आणि इटगीला, कारागिरांच्या हाती मऊ, घट्ट कणांचा दगड लागला; तेथे त्यांनी चरकावर फिरवल्यासारखे गुळगुळीत खांब घडवले आणि जाळीदार नक्षी केली. भीमेच्या काठच्या कारागिराकडे तो दगड नव्हता. म्हणून त्याचे खांब चौकोनी आणि अष्टकोनी पैलूंचे, जाड कड्यांचे, नक्षी कमी आणि घडणीची रेषा स्पष्ट असे उतरले. हा फरक कौशल्याच्या कमतरतेचा मानणे ही अन्यायाची गोष्ट होईल. कठीण दगडाने कारागिराला संयम शिकवला आणि त्या संयमालाच सोलापूरच्या परिसरातील मंदिरांचे सौंदर्य म्हणावे लागते.

शेजारच्या हरिहरेश्वराची कथा निराळी आहे. नावातच हरी आणि हर यांना एकत्र आणणारे हे मंदिर दीर्घकाळ ढासळलेले आणि मातीत गाडले गेलेले होते, आणि विसाव्या शतकाच्या अखेरच्या वर्षांत सोलापूरच्या अभ्यासकांनी, शिक्षकांनी आणि विद्यार्थ्यांनी ते मोकळे करण्याचे काम हाती घेतले. माती उपसल्यावर तेथे स्वर्गमंडप आढळला, म्हणजे ज्याच्या मधल्या भागावर छत नसून वरचे आकाश उघडे असते असा मंडप, ज्याचे महाराष्ट्रातील प्रसिद्ध उदाहरण खिद्रापूरला आहे. आणि तेथेच ते शिवलिंग आढळले ज्यामुळे कुडलचे नाव सर्वदूर गेले. एकमुखी, चतुर्मुखी, पंचमुखी लिंगे भारतात परिचित आहेत. एका लिंगावर असंख्य लहान लिंगे कोरलेले सहस्रलिंगही परिचित आहे. पण कुडलच्या या लिंगावर ओळीने ३५९ मुखे कोरलेली आहेत आणि खुद्द लिंग धरून ही संख्या ३६० मानली जाते. बारा चांद्रमासांच्या प्रत्येकी तीस तिथी मिळून ३६० होतात, त्यामुळे या संख्येचा वर्षाशी संबंध लावण्याचा मोह होणे स्वाभाविक आहे. तथापि कोणत्याही लेखाचा आधार नसताना तो अर्थ निश्चित म्हणून सांगणे उचित नाही. एवढे मात्र निःसंशय म्हणता येते की हे लिंग घडवणाऱ्याला मूर्तिशास्त्राचे परंपरागत नियम माहीत होते आणि त्यांच्या पुढे एक पाऊल टाकण्याचे धैर्यही त्याच्या अंगी होते. असा कारागीर राजधानीत नव्हे, तर एका संगमावरच्या लहान गावी काम करीत होता, ही गोष्ट मध्ययुगीन दख्खनच्या इतिहासाविषयी बरेच काही सांगते.

यानंतर एका रूढ गैरसमजाकडे वळणे भाग आहे. महाराष्ट्रात कोणत्याही जुन्या, चुन्याविना बांधलेल्या काळ्या दगडी मंदिराला ‘हेमाडपंती’ म्हणण्याची सवय आहे. कुडललाही हेच नाव अनेकदा लावले जाते. हेमाद्री पंडित कोण होता? देवगिरीच्या महादेव आणि रामचंद्र या यादव राजांचा तो श्रीकरणाधिप, म्हणजे राज्याच्या लेखनकारभाराचा प्रमुख, आणि ‘चतुर्वर्गचिंतामणि’ या धर्मशास्त्रीय ग्रंथाचा कर्ता. त्याचा काळ तेराव्या शतकाचा उत्तरार्ध. कुडलचा लेख १०१८ चा. जवळजवळ अडीचशे वर्षांनी होऊन गेलेल्या माणसाने ही शैली निर्माण केली असे म्हणायचे तर काळच उलटा चालवावा लागेल. ही शैली हेमाद्रीच्या कितीतरी आधीपासून चालत आली होती, चालुक्यांच्या काळात ती बहरली, यादवांच्या काळात ती उत्तरेकडे आणि पश्चिमेकडे आणखी पसरली. ‘हेमाडपंती’ हे नाव लावल्याने काय बिघडते, असे विचारले जाईल. बिघडते ते हे की सगळी मंदिरे एकाच काळाची, एकाच हुकमाची ठरतात. त्यांच्यातले फरक दिसेनासे होतात. आणि ज्या गावाने, ज्या कारागिरांनी आणि ज्या दात्यांनी ती उभी केली त्यांची नावेच पुसली जातात.

दात्यांविषयी थोडे अधिक सांगितले पाहिजे, कारण ग्राममंदिर हे गावाच्या अर्थव्यवस्थेचे केंद्र होते. चालुक्य आणि यादव काळातील दानलेख वाचले की त्यात राजापेक्षा स्थानिक माणसेच जास्त भेटतात : गावुंड, म्हणजे गावाचा प्रमुख, महाजन, शेट्टी, तेली, माळी. कोणी जमिनीचा तुकडा देतो, कोणी घाण्याचे उत्पन्न नंदादीपाच्या तेलासाठी देतो, कोणी बागेची फुले देतो, कोणी बाजारातल्या विक्रीतला ठरावीक हिस्सा देतो. ही दाने दोन मोठ्या कामांसाठी असत, अंगभोग आणि रंगभोग. अंगभोग म्हणजे देवतेचे स्नान, गंध, वस्त्र, नैवेद्य. रंगभोग म्हणजे मंडपात होणारे गायन, वादन आणि नृत्य. म्हणजे ज्या सभामंडपात आज दोनचार माणसे दर्शन घेऊन निघून जातात, तो त्या काळी गावाचे सभागृह, नाट्यगृह आणि न्यायसभा, तिन्ही होता. मंदिराच्या आवारात दिसणारे वीरगळ याच जीवनाचे साक्षी आहेत. वीरगळ म्हणजे गावासाठी, गुरांसाठी लढताना पडलेल्या माणसाचे स्मारक : खाली लढाई, मध्ये अप्सरांनी त्याला वर नेणे, वर त्याने शिवलिंगाची पूजा करणे. ज्याचे नाव कोणत्याही इतिहासात नाही अशा शेतकऱ्याचे हे एकमेव चरित्र आहे.

आणि भाषा? आज कुडलच्या परिसरात भीमा ही महाराष्ट्र आणि कर्नाटक यांची सीमा आहे. त्या काळी ती सीमा नव्हती. राज्य कन्नड भाषेचा पुरस्कार करणाऱ्या राजांचे, सोलापूरच्या परिसरातील त्या शतकांतले लेख प्रामुख्याने कन्नड आणि संस्कृत, आणि अशा प्रदेशात एका लहान मंदिराच्या तुळईवर मराठी ओळ कोरली जाते. कोणासाठी? वाचणाऱ्याला विजयाचा आशीर्वाद देणारी ओळ वाचणारा कोणीतरी आहे हे गृहीत धरते. म्हणजे अकराव्या शतकाच्या आरंभी, या भागात, मराठी वाचू शकणारा माणूस होता आणि त्याच्याशी मराठीत बोलावे असे लेख लिहिणाऱ्याला वाटत होते. मराठी आणि कन्नड या दोन्ही भाषा या एकाच परिसरात सुखाने नांदल्या, आणि सोलापूरच्या बाजारात त्या आजही नांदतात. भाषिक प्रांतरचनेच्या वादात या तुळईला एका बाजूची साक्षीदार म्हणून उभे करणे तिच्यावर अन्याय करणारे आहे.

शेवटी या वास्तूंच्या आजच्या प्रकृतीचा प्रश्न उरतो. भीमेच्या काठची काळी कसदार माती उन्हाळ्यात आकसते, पावसाळ्यात फुगते, आणि तिच्यावरचे जोते दरवर्षी किंचित हलते. सांधे उघडतात, छतावरचा चुन्याचा कोबा फुटतो, पाणी आत उतरते, फटीत पिंपळाचे बी रुजते, आणि दहा-वीस वर्षांत एक मूळ तुळई सरकवते. हा नाश हळू होतो. जलद होणारा नाश माणसाच्या भक्तीतून होतो. श्रद्धेने केलेल्या जीर्णोद्धारात खांबांवर तैलरंगाचे थर चढतात, कोरीव अक्षरे रंगात बुजतात, दगडी फरशीवर चकचकीत टाइल्स बसतात, उघडलेल्या सांध्यांत सिमेंट भरले जाते. सिमेंट कडक असते. वास्तूची किंचितशी हालचालही ते होऊ देत नाही, आणि तडा मग सांध्यात न जाता दगडातच जातो. शिवाय ते आत शिरलेले पाणी बाहेर पडू देत नाही. भक्तीचा हेतू निर्मळ असतो याबद्दल शंका नाही. परिणाम मात्र हजार वर्षे टिकलेल्या दगडाला भोगावा लागतो.

मध्ययुगीन दानलेखांत अंगभोग आणि रंगभोग यांच्याबरोबर आणखी एक खर्च आवर्जून नमूद केलेला आढळतो : खंडस्फुटितजीर्णोद्धार, म्हणजे जे मोडले असेल आणि जे फुटले असेल त्याची दुरुस्ती. दान देणाऱ्याला दान देतानाच ठाऊक होते की मंदिर मोडणार आहे आणि त्याची काळजी वर्षानुवर्षे घ्यावी लागणार आहे. म्हणून तो जमिनीच्या उत्पन्नातच दुरुस्तीचा हिस्सा बांधून देत असे. सोलापूर जिल्ह्यातील ज्या ज्या गावात असे मंदिर, असा लेख किंवा असा वीरगळ उभा आहे, त्या त्या ग्रामपंचायतीने आपल्या वार्षिक अंदाजपत्रकात या कामासाठी एक रक्कम राखून ठेवावी, कोणतेही काम हाती घेण्यापूर्वी पुरातत्त्व विभागाचा सल्ला घ्यावा, कोरीव अक्षरांवर रंग लावू देऊ नये, आणि जिल्ह्यातील महाविद्यालयांनी आपल्या विद्यार्थ्यांकरवी अशा प्रत्येक दगडाची छायाचित्रासह नोंद करून घ्यावी, अशी या व्यासपीठावरून सर्व श्रोत्यांना आणि त्यांच्या गावांना कळकळीची विनंती आहे.